ओळंबा कुणाकडे झुकला

दहाच्या सुमारास घराने वाळू सोडली आणि काठावर जमलेल्या सगळ्यांनी एकच गिल्ला केला. काल दिवसभर बैलांच्या चौदा जोड्यांनी टेकडीवरून ओढत आणलेलं, रात्रभर ओहोटीच्या वाळूवर मुकाट बसलेलं नोल्फाचं घर आता पाण्यावर होतं. दारं-खिडक्या उतरवलेल्या, तळाला दोन अखंड ओंडके, चारी अंगांना रिकामी पिंपं बांधलेली आणि छपरावर झेंडा. पलीकडच्या काठावर बायकांनी खड्डा खणून तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस आणि बटाटे रचायला घेतले असणार, कारण धूर दिसू लागला होता. घर पोचल्याशिवाय तो खड्डा उघडायचा नाही, असं आमच्याकडे ठरलेलंच असे.

भरती बाराला पुरी होणार होती. तोवर घर खाडीपलीकडे, नोल्फाच्या माहेरच्या जमिनीवर लागायला हवं होतं. उधाण आजचंच शेवटचं. आज राहिलं तर पंधरा दिवस थांबायचं, आणि वाळूवर पंधरा दिवस लाटा खाल्लेल्या घराचं चिलोए बेटावर फक्त सरपण होतं. नोल्फाला आणि तिच्या पंधरा वर्षांच्या यास्नाला दुसरं घर नव्हतं.

रोसामेल छातीभर पाण्यात उभा राहून हुकूम सोडत होता. हा नोल्फाच्या दोन दिरांतला मोठा. तिचा नवरा आर्सेनियो गेल्यावर वाटणीत टेकडीवरची जमीन रोसामेलकडे आली, घर मात्र नोल्फाचं राहिलं. त्यामुळे घर उचलून नेणं हा तिचा हक्क होता आणि ते नीट पोचवणं ही त्याची इज्जत होती. आजवर त्याने सहा घरं खाडीपार नेली होती, आणि ती कोणकोणती हे तो विचारण्याआधीच सांगत असे.

"बोटी जोडा रे! दोर ताणा!"

"काका, थांबा!" खिडकीच्या भोकातून यास्नाचं डोकं बाहेर आलं. "घर कललंय!"

रोसामेलने डोळे बारीक केले. कललं होतं खरं, चुलीच्या अंगाला. त्याने ते मघाशीच पाहिलं होतं आणि कुणी बोलून दाखवू नये अशी त्याची इच्छा होती.

"एखादं पिंप गळत असेल."

"सगळी ठोकून पाहिली. एकही गळत नाही."

"मग चार माणसं दुसऱ्या अंगाला बसवू. होडीत बसतो की नाही आपण?"

"होडीतलं माणूस घाबरलं तरी बसून राहतं, काका. घरात पळायला जागा असते."

काठावर कुणीतरी खो खो हसलं. तो बेर्तो आहे, हे रोसामेलला मान न वळवता कळलं. धाकट्या भावाचं हसणं गेली नऊ वर्षं तो पाठीनेच ऐकत आला होता.

*

यास्नाचं हे वेड घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि धड कुणालाच कळत नव्हतं. शाळेत पाण्याचा धडा एका तासात संपला. वस्तू तरंगते किंवा बुडते, पान बेचाळीस, खाली पाच प्रश्न. यास्नाने हात वर केला. "बाई, तरंगणारी वस्तू मध्येच उलटते ती का?" बाईंनी पान पुढे उलटून पाहिलं, मागे उलटून पाहिलं. "ते आपल्याला नाही," त्या म्हणाल्या. बिचाऱ्या खोटं बोलल्या नाहीत.

मग ते कुणाला आहे, हे शोधत ती आबेलार्दोकडे गेली. हा होड्या बांधणारा म्हातारा सुतार. त्याच्याकडे होड्यांच्या बांधणीचं जाडजूड पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेलं, आणि त्याला वाचता येत नव्हतं. तिला वाचता येत होतं, पण कळत नव्हतं. दर शनिवारी ती मोठ्याने वाचायची आणि तो रंधा थांबवून म्हणायचा, "अरेच्चा, हे तर मी करतो! याला असं म्हणतात होय?" दोन वर्षांत दोघांनी मिळून अर्धं पुस्तक संपवलं. उरलेलं अर्धं तिने डुकरांच्या डोणीत संपवलं. लाकडाच्या ढलप्यांचं छोटं घर करायचं, पाण्यावर सोडायचं, आतले खिळे इकडून तिकडे सरकवायचे आणि किती कललं ते वहीत लिहायचं. डुकरं वैतागली होती, पण त्यांना कोण विचारतो.

या घराचंही तिने तसंच छोटं घर केलं होतं. प्रत्येक तुळई मोजून, भिंतीभिंतीतल्या फळ्या मोजून. तिच्या वहीप्रमाणे नोल्फाचं घर पाण्यावर सरळ बसायला हवं होतं, आणि ते बसलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, नाही असं नाही. दुपारी वारा सुटायचा तो चुलीच्याच अंगावर लोटणारा. पण भीतीच्या जोडीला एक प्रश्नही तिला सोडत नव्हता. वही चुकली की घर काही लपवतंय?

तिने स्वयंपाकघराच्या मधल्या तुळईला सुतळीने ओळंबा टांगला आणि त्याच्या बरोबर खाली, जिथे तो घर सरळ असताना यायला हवा, तिथे कोळशाने फुली काढली. ओळंबा फुलीवर नव्हता. चुलीच्या भिंतीकडे चार बोटं सरकून लटकत होता.

नोल्फा कोपऱ्यात उभी होती. घरातलं सगळं सामान काल बैलगाडीतून गेलं होतं, चूलसुद्धा. पण चुलीतले निखारे उकरायचा लोखंडी दांडा तिने गाडीत ठेवू दिला नव्हता. तो पदरात गुंडाळून हातात धरावा तसा तिने आपल्या ॲप्रनमध्ये धरला होता.

"आई, तो दांडा तरी ठेव खाली."

"असू दे. हाताची सवय आहे."

त्या दांड्याच्या एका टोकाला आडवी खाच होती. लहानपणी यास्नाने ती खाच चुलीच्या झाकणाला, दाराच्या कडीला, विहिरीच्या रहाटाला, सगळीकडे लावून पाहिली होती. ती कशालाच बसत नसे. आईला विचारलं की आई म्हणायची, दांड्याला दांडाच राहू दे.

*

रोसामेल होडीतून घरात चढला. मागून त्याची बायको दोरालिसा चढली, कारण नवऱ्याला एकट्याला जावेच्या घरात सोडायची तिची पद्धत नव्हती, घर पाण्यावर असलं तरी. आणि दुसऱ्या होडीतून बेर्तो आला.

"याला कुणी बोलावलं?" रोसामेलने छताला विचारलं.

"मी," यास्ना म्हणाली. "मला वजन हवंय."

बेर्तोला हसू फुटलं. पुतणीसाठी म्हणूनच तो या समारंभाला आला होता. नाहीतर रोसामेलच्या तोंडाकडे पाहायची त्याची इच्छा नव्हती. नऊ वर्षांपूर्वी आर्सेनियोची होडी खाडीत मध्येच बंद पडली, तो हँडल मारायला वाकला आणि लाटेने त्याला उचलून नेलं. होडी दुसऱ्या दिवशी सुखरूप काठाला लागली, आतल्या इंजिनासकट. आठवड्याच्या आत ते इंजिन नाहीसं झालं. बेर्तोने भर चर्चच्या दारात रोसामेलला म्हटलं, "भावाला जाऊन आठवडा झाला नाही आणि तू त्याचं इंजिन कास्त्रोच्या बाजारात विकलंस." रोसामेल म्हणाला, "मी नाही, तूच." त्यानंतर दोघे बोलले नाहीत. दोघांच्या बायका, पोरं, गुरं, सगळी दोन बाजूंना वाटली गेली.

"काका, तुम्ही फुलीवर उभे राहा. बेर्तोकाका, तुम्हीही. काकू, तुम्ही पण."

"मी? मी कशाला?" दोरालिसा म्हणाली.

"तीन माणसं लागतील असं वाटतंय."

"मला माणसांत मोजलंस, उपकार झाले!"

"रविवारी बटाट्याच्या काट्यावर तुमचं वजन घेतलं होतं ना, काकू. ब्याऐंशी."

"यास्ना!" नोल्फा ओरडली. बेर्तो भिंतीकडे तोंड करून खोकू लागला, आणि रोसामेललाही खोकला आला.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय चाललंय आत? पाणी थांबत नाही!"

"नाच चाललाय," दोरालिसाने उत्तर दिलं. "ये तू पण!"

यास्ना ओळंब्याजवळ गुडघे टेकून बसली. "आता तिघांनी मिळून चुलीपासून लांब जायचं. दाराच्या भिंतीकडे. हळू. एकाच वेळी. पाय आपटायचे नाहीत."

आणि बारिया घराण्यातली ही तीन माणसं, ज्यांनी नऊ वर्षांत एका बाकावर बसून प्रार्थनाही केली नव्हती, खांद्याला खांदा लावून चार पावलं चालली. घर कुरकुरलं. ओळंबा हलला, एक बोट, दोन बोटं. ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले तेव्हा तो डुलत डुलत थांबला, बरोबर फुलीवर.

"झालं की!" रोसामेल म्हणाला. "आता इथेच उभे राहतो. ओढा म्हणावं."

"झालं नाही काका. आता तर सुरू झालं." यास्नाचे डोळे चमकत होते. "तुम्ही तिघं इथे आहात तेव्हा घर सरळ आहे. म्हणजे तिकडे, चुलीच्या भिंतीशी, तुमच्याच वजनाचं काहीतरी आहे. तीन माणसं. आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

सगळ्यांनी चुलीच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत मोकळी होती. चूल होती तिथे एक काळा चौकोन उरला होता, आणि त्यावरून पाण्याचं ऊन सरसरत होतं.

दोरालिसाने छातीवर क्रूस काढला. "आर्सेनियो आहे तो. घर सोडवत नाही त्याला. बरोबर आणखी दोघं बुडालेले घेऊन आलाय."

"बुडालेल्यांना वजन असतं का, काकू?"

"तुला काय ठाऊक असतं की नसतं!"

"असलं तर बरंच. मोजता येईल." यास्नाने वही उघडली. "अजून एक आहे. माझ्या हिशेबाने तुम्ही तिघं गेल्यावर ओळंबा तीनच बोटं हलायला हवा होता. चार हलला. घर सैल आहे. खाली जड असलं की घर हट्टी होतं, लवकर कलत नाही. वर जड असलं की सैल होतं." तिने मान वर केली. "जे काही आहे ते चुलीच्या भिंतीशी आहे आणि वर आहे. माळ्यावर."

"माळा मी स्वतः झाडून रिकामा केला," रोसामेल म्हणाला. "वर उंदीरसुद्धा नाही."

 बेर्तो आकडे जुळवत होता. त्याला वही लागत नव्हती. स्वतःचे ऐंशी, भावाचे नव्वद, दोरालिसाचे ब्याऐंशी. अडीचशे किलो. जन्मभर कोळी म्हणून जगलेल्या माणसाला अडीचशे किलोची, एका कोपऱ्यात मावणारी एकच वस्तू ठाऊक असते. त्याने नोल्फाकडे पाहिलं. नोल्फा त्याच्याकडे पाहत नव्हती.

*

नऊ वर्षं नोल्फाने या दिवसाची तयारी केली होती, म्हणजे कुणी पाहिलं तर काय बोलायचं याची. एखादा दीर माळ्यावर चढेल, एखादी फळी सुटेल, असं तिला वाटे. गोष्ट सुतळीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याने बाहेर पडेल, तेही आपल्याच पोरीच्या हाताने, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. एवढ्या मोठ्या घराला त्या एका वस्तूचं काय, असंच ती काल रात्री स्वतःला समजावत होती.

"वहिनी," बेर्तो हळूच म्हणाला.

"माळ्यावर छपराच्या उतारापाशी फळ्यांची भिंत आहे," नोल्फा म्हणाली. "खोटी. तिच्यामागे आहे."

"काय आहे?" दोरालिसा म्हणाली. "कोण आहे?"

"त्याचं इंजिन."

 रोसामेल भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आला, आणि ओळंबा लगेच फुलीवरून ढळला.

"भाऊजी, तुम्ही दोघं त्याच्या मृत्यूची नोंद करायला कास्त्रोला गेलात ना, त्या दिवशी. मामंजी आणि मी. बैलगाडीत घालून आणलं आणि कप्पीने वर चढवलं. त्यांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही."

"नऊ वर्षं!" रोसामेलचा आवाज फाटला. "नऊ वर्षं मी चोर आहे, वहिनी! याच्या पोराच्या बारशाला मला बोलावलं नाही! तुमच्या चुलीपुढे बसून मी मातेचा कडू चहा प्यायलो, आणि तुम्ही माझा पेला भरत होतात!"

"भरत होते."

"एक शब्द बोलला असता तर!"

"बोलले असते तर तुम्ही ते होडीत बसवलं असतं. तुम्ही नाही तर बेर्तोभाऊजींनी. आणि एखाद्या दिवशी ते मध्येच बंद पडलं असतं, आणि हँडल मारायला कुणीतरी वाकलं असतं." तिने यास्नाकडे बोट केलं. "हिच्याकडे बघा. सहा वर्षांची होती तेव्हाच घड्याळ उघडून बसायची. तिचा हात त्या इंजिनाला लागू नये म्हणून मी ते लपवलं. तुमच्यात भांडण लागलं ते मला दिसत होतं. मी म्हटलं, भांडू देत. भांडणारी माणसं जिवंत असतात. मी वाईट वागले. पण तेव्हा मला एवढंच सुचलं."

ती रडली नाही. रडला बेर्तो, तेही विचित्रच, नाकातून, लहान मुलासारखा. दोरालिसाने त्याला आपला रुमाल दिला. "आधी नाक पूस," ती म्हणाली. "चर्चच्या दारातलं नंतर बघू."

"काका," यास्ना म्हणाली. ती ओळंब्यावरून नजर काढत नव्हती. "साडेदहा वाजून गेले. ते खाली आणून बरोबर फुलीवर ठेवलं, तर घर सरळही बसेल आणि हट्टीही होईल. वारा आला तरी. आपल्याला अर्धा तास आहे."

रोसामेलने पुतणीकडे पाहिलं. सहा घरं त्याने पार नेली होती आणि त्यातलं एकही का उलटलं नाही, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. ते त्याला आत्ता कळलं.

"कप्पी कुठे आहे, वहिनी?"

"तिथेच. आढ्याला."

फळ्या उचकटल्या. इंजिन गोणपाटात गुंडाळलेलं होतं, आणि गोणपाट काढलं तर कुठेही गंज नाही. डुकराच्या चरबीचा पांढरा थर, ताजा.

"दर वर्षी लावत होते," नोल्फा खालून म्हणाली. "वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही."

दोरीच्या एका टोकाला दोघे भाऊ लागले, कारण दुसरं कुणी एवढं ओझं धरणारं नव्हतं. यास्ना खालून सांगत होती, हळू, थोडं डावीकडे, आता सोडा. इंजिन माळ्याच्या तोंडातून खाली येताना घर एकदा झोकांडलं आणि दोरी हातातून सरकली.

"धर ना, बैला!" बेर्तो ओरडला.

"धरलंय! तूच सोडलंस!" रोसामेल ओरडला.

नऊ वर्षांनी एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही दोरी घट्ट धरली. इंजिन फुलीवर टेकलं. यास्नाने सुतळी आखडून घेतली तेव्हा ओळंबा त्याच्या डोक्यावर दोन बोटं उंच येऊन थांबला आणि हलेना.

*

बोटींनी दोर ताणले. यास्नाला घरातच राहायचं होतं, दर दहा मिनिटांनी ओळंबा पाहायला. नोल्फाला होडीत उतरवायला बेर्तोने हात पुढे केला.

"मी घरातच बसते," ती म्हणाली.

"वहिनी, नऊ वर्षांत तुम्ही पाण्यावर पाय ठेवला नाही."

"पाण्यावर कुठे ठेवतेय? माझ्या स्वयंपाकघरात ठेवतेय."

घर निघालं. काठ मागे गेला, टेकडीवर घराच्या जागी राहिलेला उघडा चौकोन लहान होत गेला. खाडीच्या मध्यावर आल्यावर वारा सुटला, चुलीच्याच अंगावर लोटणारा. घर वाकलं, थोडं विचार केल्यासारखं थांबलं आणि परत सरळ झालं. ओळंबा एक बोट गेला आणि आला. यास्नाने ते वहीत लिहिलं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की आई खिडकीच्या भोकाशी उभी राहून पाण्यातली एक जागा पाहते आहे आणि ती जागा मागे पडेपर्यंत मान वळवत आहे.

मग नोल्फाने ॲप्रनमधला दांडा काढला आणि तिच्यापुढे धरला.

यास्नाने एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे. इंजिनाच्या बाजूला आसाचं टोक बाहेर आलं होतं, त्यावर आडवी खीळ. तिने दांड्याची खाच त्यावर सरकवली. खाच बसली, जराही न खडखडता.

"हे हँडल आहे," ती म्हणाली. "आई, हे त्याचं हँडल आहे! दोन्ही काका याच्यापुढे बसून माते पीत होते!"

"सरळ केलं होतं मी. चुलीत लाल करून, दगडावर ठोकून. नाहीतर ओळखलं असतं त्यांनी."

"परत वाकवावं लागेल. दोन ठिकाणी." यास्ना बोटांनी लांबी चाचपू लागली. "पण कुठे? ते पुस्तकात नाही. इंजिनावरूनही नाही कळणार. मारणाऱ्याच्या हातावर असतं ते."

नोल्फा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. चूल होती तिथला कोळशाचा तुकडा तिने उचलला, डोळे मिटले, आणि आपले दोन्ही हात दांड्यावर ठेवले, जसे ती होडीत नवऱ्याच्या हातांवर ठेवायची, पहाटे थंडीने इंजिन सुरू होत नसे तेव्हा. मग डोळे उघडून तिने दांड्यावर दोन काळ्या रेघा ओढल्या.

"इथे," ती म्हणाली. "आणि इथे."